भट्टीच्या गल्लीतलं पावणं

दिवाळीचे आकाशकंदील उतरले, पहाटे अंगावर दुसरं पांघरूण लागायला लागलं, की कोल्हापुरात वारा गोड होतो. नदीकाठच्या गावांतून गुऱ्हाळं पेटतात, काहिलीत उसाचा रस उकळू लागतो आणि तो वास फडांवरून, मळ्यांवरून, धुक्याला धरून शहरात शिरतो. आताशा गुऱ्हाळं कमी झाली, तरी एखाद्या संध्याकाळी तो येतोच. परवा सुनेनं खिडकी उघडली आणि म्हणाली, "आई, काय छान वास सुटलाय." मी हो म्हटलं. पण माझी नजर आधी दाराकडं गेली. बाहेर कुणी उभं नाही ना, हे बघून मगच मी तो वास घेतला. सुनेला हे कळलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. गुळाचा वास छान असतो, हे ज्यांना कधी कुणाला पटवून द्यावं लागलं नाही, त्यांनी तो खुशाल खिडकी उघडून घ्यावा.

माझं लहानपण आणि तरुणपण गूळबाजाराच्या पाठीमागं गेलं. तिथं नाल्याच्या कडेकडेनं वळत जाणारी एक गल्ली होती. नगरपालिकेनं तिला नाव दिलेलं नव्हतं, पाटी नव्हती, दिव्याचा खांब तोंडाशी एकच. लोक तिला भट्टीची गल्ली म्हणत, कारण शिरतानाच उजव्या हाताला गणूकाकांची चुरमुऱ्यांची भट्टी होती. मोठ्या कढईत काळी वाळू तापलेली असायची. गणूकाका तीत मिठाच्या पाण्यातले तांदूळ टाकायचे, झाऱ्यानं दोन हात मारायचे, आणि बघता बघता त्या काळ्या वाळूतून पांढरेशुभ्र चुरमुरे वर यायचे. भट्टीपुढं गणूकाका कायम अनवाणी. तळपायाचं कातडं इतकं जाड झालेलं, की उडालेली वाळू पायाखाली आली तरी त्यांना कळायचं नाही. त्यांच्या पलीकडं हमालांची घरं, गाडीवानांची, एक कल्हईवाला, आणि मधोमध आम्ही. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, बाजारात तोलार होते. अडत दुकानांपुढं मोठ्या काट्यावर गुळाचे रवे, म्हणजे मोठाल्या ढेपा, तोलायचे. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या सदऱ्याला, मिशांना, बोटांना गुळाचा वास यायचा. हंगामात तर आमच्या घरच्या पाण्यालासुद्धा तो लागलेला वाटायचा.

मग संस्थान विलीन झालं, आम्ही मुंबई राज्यात गेलो आणि दारूबंदीचा कायदा आमच्याकडंही आला. गल्ली होती तशीच राहिली, तिचं नावही तेच राहिलं, पण त्या नावाचा अर्थ एका रात्रीत फिरला. भट्टी म्हटलं की लोकांना चुरमुरे आठवेनासे झाले. हातभट्टीच्या दारूलाही गूळच लागतो, आणि आमची गल्ली तर गूळबाजाराला टेकलेली. त्यात आमच्या शेजारच्या यसूमावशी. बाजारातली चिकट झालेली गुळाची पोती आणायच्या, नाल्यावर धुवायच्या, वाळवून परत विकायच्या. त्या धुण्याचं पाणी नाल्याकाठी साचायचं आणि दोन दिवसांत आंबायचं. जाणारा-येणारा नाकाला रुमाल लावायचा आणि बरोबरच्याकडं बघून मान हलवायचा. टांगेवाले आमच्या तोंडाशी येऊन थांबायचे, आत येत नसत. मी तेव्हा नुकतीच ट्रेनिंग संपवून मंगळवार पेठेतल्या मुलींच्या शाळेत लागले होते. शाळेतल्या एका बाईंनी पहिल्या दिवशी विचारलं, कुठं राहता. मी सांगितलं. त्यांनी "असं होय" म्हटलं आणि समोरचा डबा थोडा आपल्याकडं ओढला. त्या दिवसापासून मी "मार्केटच्या अंगाला" असं म्हणायला लागले. आई तर माझ्या आधीपासून पाहुण्यारावळ्यांना "मंगळवार पेठेच्या अंगाला" असं सांगायची. तिचं माहेर कळंब्याकडचं, चार उघड्या वाऱ्यांचं. या गल्लीत तिचा जीव कधी रमला नव्हता. इथून बाहेर पडायचं, हे तिचं आल्या दिवसापासूनचं म्हणणं.

आता खरं सांगायचं, तर गल्लीत दारू होती. शेवटच्या घरात शंकर गाडीवान राहायचा, तो गाळायचा. सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. पण एका घराचा धूर सगळ्या घरांच्या कौलांवर बसला, तो काही केल्या निघेना.

त्या हिवाळ्यात, हंगाम ऐन भरात असताना, गल्लीच्या तोंडाशी एक माणूस दिसू लागला. काळा कोट, काळी टोपी, आणि पावसाचा थेंब नसताना बगलेत छत्री. पहिल्या दिवशी गणूकाकांकडून चुरमुरे घेतले, खात उभा राहिला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, इथं कोण कोण राहतं. दोन-तीन दिवसांनी परत आला. या वेळी गल्लीतून शेवटपर्यंत चालत गेला, प्रत्येक घराच्या उंबऱ्याकडं बघत, आणि नाल्याशी उभा राहून त्यानं दोनदा वास घेतला. यसूमावशींनी ते बघितलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं, की दारूबंदीवाल्यांचा खबऱ्या फिरतोय.

गल्ली एकदम गप्प झाली. यसूमावशींनी पोती धुवायची थांबवली. ज्यांच्या घरी गुळाच्या पोळ्या व्हायच्या त्यांनी त्या पुढं ढकलल्या, कारण गूळ उकळल्याचा वास दाराबाहेर गेला तर काय घ्या. एरवी अंगणात मोठमोठ्यानं चालणारं बोलणं दाराआड गेलं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, लोक एकमेकांकडं बघायला लागले. याला इथं आणलं कुणी? कुणाचं कुणाशी वाकडं होतं? कल्हईवाल्याचं आणि शंकरचं मागं भांडण झालं होतं, ते सगळ्यांना आठवलं. दोघांच्या बायका पाण्याला जायच्या वेळा बदलून जाऊ लागल्या.

मग एक दिवस त्या माणसानं यसूमावशींनाच विचारलं, तोलार इथंच राहतात ना, त्यांची मुलगी शाळेत शिकवते म्हणे, ती घरी किती वाजता येते, बरोबर कोण असतं. मावशींनी तोंडावर सांगितलं, असला कोणी तोलार इथं राहत नाही. मग त्यानं गणूकाकांना विचारलं, कल्हईवाल्याला विचारलं. सगळ्यांनी तेच सांगितलं. आणि त्या संध्याकाळी सगळ्यांनी आमच्या दाराकडं वळून बघितलं.

त्या बघण्याचा अर्थ मला पहिल्यांदा कळला नाही. आईला लगेच कळला. सरकारचा माणूस आप्पांची चौकशी करतोय म्हणजे बाजारातला खराब झालेला, काळा गूळ कोण कुणाला पुरवतंय, हे उघड होतं, असं गल्लीनं धरलं होतं. वर यसूमावशींनी, मैत्रिणीच्या काळजीनं की कशानं देव जाणे, आईच्या कानावर घातलं, की मागच्या आठवड्यात आप्पा शंकरच्या घरातून बाहेर पडताना त्यांनी बघितलं होतं.

आप्पांसारखा साधा माणूस मी बघितला नव्हता. पण संशय एकदा घरात आला, की साधेपणसुद्धा ढोंग वाटायला लागतं. अमावास्येला बाजार बंद असतो, त्या दिवशी आप्पा नेहमी दुपारभर झोपायचे. त्या हिवाळ्यात मात्र दोन अमावास्यांना ते लग्नाकार्याचा कोट घालून सकाळीच बाहेर पडले आणि दिवेलागणीला धुळीनं भरून परत आले. आईनं विचारलं, कुठं गेला होता. आप्पा म्हणाले, कामाला गेलतो. आई म्हणाली, बाजार बंद हाय आनि कसलं काम. आप्पा हातपाय धुवायला गेले. मी वह्या तपासत बसले होते. माझी मान खाली होती, पण माझंही लक्ष त्यांच्या कोटाकडंच होतं. कोटाला वास कशाचा येतोय, हे मी बघत होते.

त्याच सुमारास आप्पांनी हंगामातली काकवी आणली होती, दरवर्षी आणायचे तशी. गडद, दाट, चमच्यावरून तुटता न तुटणारी. एका सकाळी आईनं ते अख्खं भांडं उचललं आणि मागच्या मोरीत ओतलं. घरात पुरावा नको, असं तिच्या डोक्यात आलं असावं. पण काकवी मोरीतून पुढं जाईना. दुपारपर्यंत मुंग्यांची रांग लागली, आमच्या मोरीपासून गल्लीच्या मध्यापर्यंत, काळीभोर. ज्याला त्याला दिसेल अशी. आई चुलीतली राख आणून आणून त्या मुंग्यांवर टाकत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. आप्पा संध्याकाळी आले, त्यांनी रिकामं भांडं बघितलं, राख बघितली, आणि काही बोलले नाहीत. त्यांचं ते न बोलणं मला कबुलीसारखं वाटलं.

शेवटी यसूमावशींचाच धीर सुटला. मी शाळेतून येत होते. भट्टीपाशी तो माणूस नेहमीसारखा उभा होता आणि मावशी सरळ त्याच्या पुढ्यात जाऊन थांबल्या. कंबरेवर हात, आवाज अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा.

"पावणं, रोज येताय, रोज बघताय. कुनाचं म्हनायचं तुमी?"

त्यानं आधी, तुम्हाला काय करायचंय, असं म्हणून बघितलं. पण तोवर कल्हईवाला आला होता, दोन हमाल आले होते, आणि गणूकाका हातातला तापलेला झारा तसाच घेऊन उठले होते. त्या माणसानं छत्री छातीशी धरली. त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, मी पेठ वडगावचा. सरकारचा नाही, कुणाचा नाही. माझा भाचा तिकडं शाळेत मास्तर आहे. तोलारांची मुलगी त्याला सांगून आली आहे. चौकशीला आलोय.

कढईतले चुरमुरे करपल्याचा वास आला, तरी गणूकाका जागचे हलले नाहीत. त्यांचा घाणा जळलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. मग सगळ्यांची तोंडं एकदम माझ्याकडं वळली. मी खांद्यावर पदर घेऊन, हातात वह्यांचा गठ्ठा घेऊन, रस्त्याच्या मधोमध उभी. लाजावं की चिडावं, हेही कळेना.

तेवढ्यात आप्पा बाजारातून आले. त्यांनी त्या माणसाला बघितलं, भोवतालचा घोळका बघितला, आणि सगळं त्यांच्या ध्यानात आलं. "मामा, आत या की," एवढंच म्हणाले.

मग उलगडत गेलं. माझी आधीची दोन स्थळं गल्लीचं नाव ऐकून मोडली होती. या वेळी जमेपर्यंत घरात बोलायचंच नाही, असं आप्पांनी ठरवलं होतं. आई पुन्हा आशेला लागू नये म्हणून. दोन्ही अमावास्यांना ते पेठ वडगावला गेले होते. आणि शंकरकडं गेले होते ते हात जोडायला. पोरीचं जमेपर्यंत चूल बंद ठेव, एवढं मागायला. शंकरनं ते ऐकलंही होतं. महिनाभर त्याच्या घरातून धूर निघाला नव्हता, आणि हे नाल्याशी दोनदा वास घेणाऱ्या माणसालाही कळलं नव्हतं, आम्हालाही नाही.

मामा आमच्या घरात सतरंजीवर बसले. आईनं चहा ठेवला. कुणाच्या घरची कपबशी आली, कुणाकडून दूध, ते मला कळलंही नाही, पण दारात बायकांची गर्दी होती आणि सगळ्या कानांत प्राण आणून ऐकत होत्या. मामांनी मला दोन-चार गोष्टी विचारल्या, शाळेच्या, शिक्षणाच्या. मग कप खाली ठेवून म्हणाले, "शाळेतून एकट्या येता-जाता. या वस्तीत भीती नाही वाटत तुम्हाला?"

"आधी वाटत नव्हती," मी म्हटलं. "तुम्ही यायला लागल्यापासून वाटते."

दारातल्या बायकांपैकी कुणीतरी हसू दाबलं. आप्पांनी डोळे मिटून घेतले. मामा आप्पांकडं वळून म्हणाले, मुलगी आम्हाला नापसंत नाही. पण एक करा. लग्न मंगळवार पेठेत कुणाच्या तरी घरी करा, आणि पत्रिकेवरही तोच पत्ता घाला. आमच्याकडची माणसं इथं कशी आणायची? आप्पा म्हणाले, घालू की, त्यात काय.

मला वाटलं, आईला हायसं वाटेल. आयुष्यभर तिनं दुसरं काय सांगितलं होतं? पण आई चुलीपुढून उठली. पदर खोचलेला, हाताला राख.

"लगीन हितंच हुईल," ती म्हणाली. "पत्रिकेवर भट्टीची गल्लीच छापायची. न्हाय तर ऱ्हाऊ दे."

मामा उठले, बघू, कळवतो, असं म्हणून छत्री घेऊन निघाले. मी त्या रात्री आईला विचारलं, की तुलाच तर इथून सुटायचं होतं. तिनं अंथरूण घालता घालता सांगितलं, की तुझ्या बापाबद्दल माझ्या मनात किल्मिष आलं, यसूच्याही मनात आलं. आम्ही गुन्हेगार असं सगळ्या गल्लीनं धरलं होतं. पण त्या माणसाला कुणी आमचं दार दाखवलं का? चोर समजूनसुद्धा ज्यांनी आपल्याला लपवलं, त्यांना सोडून परक्याच्या ओसरीवर पोरीचं लगीन लावू?

मी शिकलेली होते. मला हे सुचलं नव्हतं. मी तर आप्पांच्या कोटाचा वास घेत बसले होते.

पेठ वडगावहून बरेच दिवस काही आलं नाही. गल्लीनं मनात घेतलं, की आपणच इंदूचं, म्हणजे माझं, लग्न मोडलं. यसूमावशी आमच्या दारावरून जाताना मान खाली घालून जायच्या. मग आईच एक दिवस गुळाच्या पोळ्यांचं ताट घेऊन त्यांच्या घरी गेली. दार सताड उघडं टाकून केलेल्या पोळ्या, वास गेला तर गेला. त्यानंतर आठवडाभरात होकार आला. लग्न गल्लीत करायलाही त्यांची हरकत नव्हती.

का, ते मला नंतर नवऱ्याकडून कळलं. मामा घरी जाऊन म्हणाले होते, शहाण्यासुरत्या आळीत दोन घरी विचारलं तर मुलीच्या चार उणिवा कळतात. त्या गल्लीत इतके दिवस फिरलो, एकानं पोरीबद्दल वाईट शब्द काढला नाही. ती इथं राहतच नाही म्हणाले.

लग्न माघात झालं. नाल्यापासून भट्टीपर्यंत मांडव पडला. यसूमावशींनी धुतलेली पोती खाली अंथरली आणि त्यांवर सतरंज्या घातल्या. शंकर स्वतःची गाडी सजवून वऱ्हाडाला आणायला स्टँडवर गेला. गणूकाकांनी लग्नासाठी म्हणून आयुष्यात पहिल्यांदा चांगल्या, करकर वाजणाऱ्या चपला करून घेतल्या होत्या. सकाळी त्या घालूनच भट्टीवर बसले आणि वऱ्हाडासाठी पोतंभर चुरमुरे पाडले. डाव्या चपलेवर गरम वाळू उडाली, नव्या कातड्यावर करपल्याचे ठिपके पडले. ते मला ठिपके दाखवून लहान पोरासारखे हळहळत होते.

वऱ्हाड आलं ते अंग चोरून. बायकांनी गळ्यातलं पदराखाली घेतलं होतं. पुरुषांनी पिशव्या मांडीवर ठेवल्या. चपलाजोड्यांपाशी त्यांनी आपला एक धट्टाकट्टा माणूस उभा केला, तो अक्षता पडल्या तरी तिथून हलला नाही. गल्लीनं ते सगळं बघितलं आणि वाढायला पत्रावळी मांडल्या.

पाठवणीच्या वेळी चपलांच्या ढिगाशी गणूकाका वाकून काही शोधत होते. वऱ्हाडाच्या सगळ्या चपला ज्याच्या त्याला मिळाल्या होत्या. गणूकाकांच्या नव्या चपला तेवढ्या नव्हत्या. गल्लीतलं कुणी त्यांना हात लावणं शक्य नव्हतं, सकाळपासून अख्ख्या गल्लीनं त्या बघितल्या होत्या. पाव्हण्यांपैकीच कुणाच्या तरी पायात त्या चालल्या होत्या. यसूमावशी तावातावानं गाड्यांकडं निघाल्या. गणूकाकांनी त्यांचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे गं," ते म्हणाले. "गडबडीत चुकून घातलं असंल कुनीतरी. चांगली मानसं हाईत."

आणि ते अनवाणीच माझ्या गाडीबरोबर मोठ्या रस्त्यापर्यंत चालत आले.

सासरी मला कुणी दुखवलं नाही. नवरा चांगला निघाला, मामाही पुढं माझे झाले. पण पहिली कित्येक वर्षं घरी कुणी पाहुणा आला, की पाणी दिल्याबरोबर मी दाराशी जायची, आलेल्यांच्या चपला उचलून भिंतीला ओळीनं लावायची, आणि लावता लावता प्रत्येक डावी चप्पल उजेडात धरून बघायची. ठिपके असलेली मला कधी मिळाली नाही. सासूबाई मात्र आल्यागेल्याला कौतुकानं सांगायच्या, आमची सून मोठी वळणाची, पाहुण्यांच्या चपलासुद्धा नीट लावून ठेवते.